‘निरंक’ लिहू नका!

आमची १९९९ सालची बी.एस्सी.ची बॅच. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, एकच सायन्सचं कॉलेज, वर्गात आम्ही अठ्ठावन्न जण. त्यातल्या तेवीस मुली. २०२४ साली पंचवीस वर्षं झाली म्हणून डिसेंबरात मेळावा घ्यायचं ठरलं. सरांनी स्मरणिका काढायची टूम काढली आणि ‘तू गावातच असतेस’ म्हणून माहिती गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मुलांची यादी तर आठवड्यात झाली. पुणे, चाकण, दुबई, कोणी बँकेत, कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत. पस्तिसातले तेहतीस सापडले. मुलींचं काय? महिनाभर फोन फिरवून तेवीसपैकी नऊ!

कारण साधं आहे. कॉलेजच्या रजिस्टरमध्ये आमची माहेरची नावं. पत्ते वडिलांच्या घराचे, त्यातले निम्मे वडील आता नाहीत. फोन नंबर ते जुने लँडलाइनचे. लग्नानंतर आडनाव बदललं, काहींचं तर पहिलं नावसुद्धा बदललं. मग शोधायचं कुणाला? एकीचा पत्ता तिच्या माहेरच्या पिठाच्या गिरणीत लागला, दुसरीचा माझ्या आईच्या भिशीतल्या काकूंकडून. मुलगे व्हॉट्सअ‍ॅपवर सापडले, मुली मात्र हळदीकुंकवात!

हे आपल्यासारख्यांच्याच बाबतीत होतं असं नाही. कमला सोहोनी यांचं नाव ऐकलंय ना? दुर्गाबाई भागवतांची बहीण. विज्ञानात पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांची ओळख. पण १९३९ साली केंब्रिजची ती पदवी मिळवली तेव्हा त्या कमला भागवत होत्या. सोहोनी झाल्या १९४७ साली, लग्नानंतर. म्हणजे एका नावाने शोधलं तर अर्धं आयुष्य हाती लागतं. एवढ्या मोठ्या बाईची ही गत, तर आपली काय कथा!

बरं, सापडलेल्या मैत्रिणींना फॉर्म पाठवला, तर पुढची अडचण. फॉर्म कॉलेजचाच, वर्षानुवर्षं तोच. ‘सध्याचा हुद्दा’, ‘संस्थेचे नाव’, ‘उल्लेखनीय यश’. आणि मुलींसाठी जादा रकाना, ‘पतीचे नाव व हुद्दा’. मुलांना मात्र ‘पत्नीचे नाव व हुद्दा’ कोणी विचारलेलं नाही. आमच्यातली एक विधवा आहे, एकीने लग्नच केलं नाही, एक घटस्फोट घेऊन मुलीला एकटीनं वाढवतेय. त्यांनी त्या रकान्यात काय लिहायचं? दोघींनी फॉर्म परत पाठवलाच नाही. का, ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

मग मी आमच्या वर्गातल्या पहिल्या नंबरला फोन केला. केमिस्ट्रीत तिचा हात कोणी धरू शकत नव्हतं. म्हटलं, ‘‘तुझी माहिती सांग गं.’’

‘‘माझं काय लिहितेस? थोरला इंजिनिअर झालाय, ते लिही हवं तर.’’

‘‘तुझं विचारतेय मी.’’

‘‘माझं निरंक लिही.’’

निरंक! सरकारी कागदात काहीच दाखवायचं नसलं की लिहितात तो शब्द. मला कसंसंच झालं. गप्पा मारता मारता म्हटलं, दिवसभर करतेस काय? तर बाईसाहेबांच्या घरचं कृषी सेवा केंद्र आहे. सकाळी दहा ते रात्री आठ दुकानात तीच बसते. स्टॉक, उधारीची वही, जीएसटी सगळं तिच्याकडे. कुठलं औषध कशात मिसळायचं नाही, कपाशीवर किती मारायचं, हे शेतकरी तिलाच विचारतात. कीटकनाशकं विकण्याच्या परवान्यासाठी २०१५च्या नियमानं शेतीची किंवा रसायनशास्त्रासारख्या विज्ञान विषयाची पदवी मागायला लागले, तेव्हा दुकानाच्या कामी कोणाची पदवी आली? हिचीच!

‘‘अगं, तुझ्या डिग्रीवर दुकान उभं आहे आणि तू निरंक म्हणतेस?’’ मी ओरडलेच.

ती म्हणाली, ‘‘दुकान ह्यांचं आहे गं. मी नुसती बसते.’’

फोन ठेवला आणि माझा स्वतःचा फॉर्म काढून पाहिला. खरं सांगू? लाज वाटली. मी लिहिलं होतं, ‘गृहिणी’. बाकी सगळं कोरं. एम.एस्सी.ला नंबर लागला होता, पण सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला आणि जाणं राहिलं. सहा वर्षं त्यांचं केलं. नंतर घरातच नववी-दहावीच्या शिकवण्या सुरू केल्या, त्याला आता चौदा वर्षं झाली. शेकडो मुलं माझ्या हॉलमध्ये सतरंजीवर बसून गणित शिकून गेली. यातलं एक अक्षर मी लिहिलं नव्हतं. दुसरीला काय शहाणपण शिकवायचं मग?

कोणी म्हणेल, गृहिणी म्हणायला लाज कसली? अजिबात नाही. घर सांभाळणं हे कामच आहे, आणि मोजूनमापून सिद्ध झालेलं. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. जिला गृहिणी लिहायचंय तिनं ताठ मानेनं लिहावं. माझं भांडण ‘निरंक’शी आहे. आपलं काम दिसू नये म्हणून आपणच त्यावर चादर टाकतो, त्याच्याशी आहे.

आणि हे फक्त आपल्या समाधानासाठी नाही. नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचाही विचार होऊ लागल्यापासून कॉलेजं ही माहिती आवर्जून मागतात. देशातल्या उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या पाहणीत ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी होते, त्यात मुली २ कोटी ७ लाख. जवळपास निम्म्या! त्यांच्या पुढच्या आयुष्याचं काय झालं, हे कागदावर नसेल तर कॉलेजला वाटणार, मुली शिकल्या आणि गेल्या. आज तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी स्मरणिका चाळेल, तेव्हा तिला फक्त चार अधिकारी बायका दिसणार. थांबलेली, मग पुन्हा सुरू केलेली, घरातून काम उभं केलेली बाई तिला दिसणारच नाही. आपल्यावर तशी वेळ आली की तिला वाटणार, संपलं सगळं.

म्हणून आम्ही सरांशी बोलून फॉर्म बदलला. ‘कॉलेजमधले नाव’ आणि ‘आताचे नाव’ असे दोन रकाने केले. पतीच्या हुद्द्याला रजा दिली. ‘हुद्दा’ काढून ‘तुम्ही काय काम करता, पगारी किंवा बिनपगारी’ असं केलं. ‘मध्ये थांबावे लागले का, का?’ हा प्रश्न मुलांनाही ठेवला. आणि शेवटी, ‘पुढे काय करायची इच्छा आहे?’

गंमत म्हणजे सगळ्यात जास्त याच शेवटच्या रकान्यात लिहून आलं. एकीनं लिहिलं, ‘पुन्हा शिकवायचं आहे.’ ते वाचून शेजारच्या तालुक्यात शाळा चालवणाऱ्या आमच्याच वर्गमित्रानं तिला फोन केला. आता ती तिथं तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. फार मोठं काही नाही. पण तो फॉर्म कोरा राहिला असता तर?

मेळाव्याच्या आधी तेवीसपैकी सतरा जणींचे फॉर्म आले. सहा जणी अजून सापडलेल्या नाहीत. त्यांचे फोटो आम्ही स्मरणिकेत तसेच छापले, खाली माहेरच्या नावानं.

आणि पहिल्या नंबरचा फॉर्म? तो आला छपाईच्या आदल्या दिवशी. लिहिलं होतं, ‘कृषी सेवा केंद्र चालवते. परवान्यासाठी पदवी माझी.’ पुढे काय करायचंय? ‘दुकानाच्या पाटीवर माझं नाव.’ पाटी अजून बदललेली नाही. पण घरात विषय निघालाय, असं परवा म्हणाली.

मैत्रिणींनो, तुमच्याही कॉलेजचा असा फॉर्म कधीतरी येईल, मोबाइलवर लिंक येईल. ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका. दोन्ही नावं लिहा. जे करता ते लिहा. रकाना नसेल तर समासात लिहा. पण ‘निरंक’ मात्र लिहू नका.