विश्लेषण : थेंबांनी मोतीबिंदू विरघळतो का? शस्त्रक्रिया कधी करावी, कधी थांबता येते?

‘ऑपरेशनशिवाय मोतीबिंदू गायब’ असे सांगणारे रील आणि फॉरवर्ड अनेक कौटुंबिक ग्रुपवर फिरत असतात. कुणी कांद्याचा रस आणि मध सुचवतो, कुणी परदेशी थेंब. दुसरीकडे काही रुग्णांना डॉक्टरच ‘सध्या ऑपरेशन नको’ असे सांगतात. या दोन्हींत मोठा फरक आहे.

मोतीबिंदू म्हणजे नेमके काय?

मोतीबिंदू हा डोळ्यावर बाहेरून आलेला पडदा नाही. बाहुलीच्या मागे असलेले नैसर्गिक भिंगच गढूळ होते. या भिंगाला रक्तपुरवठा नसतो आणि त्याच्या गाभ्यातील पेशी आयुष्यभर त्याच राहतात. वाढते वय, मधुमेह, धूम्रपान, अतिनील किरण, स्टेरॉइडचा दीर्घकाळ वापर अशा कारणांनी त्यातील प्रथिनांच्या गुठळ्या होतात. अंडे उकडल्यावर त्याचा पारदर्शक बलक पांढरा होतो, तसाच काहीसा हा बदल असतो. त्यामुळे वरून थेंब टाकून तो धुऊन निघत नाही. कांद्याचा रस किंवा घरगुती मध डोळ्यांत घातल्यास जळजळ आणि जंतुसंसर्गाचा धोका मात्र वाढतो.

थेंबांचे दावे कुठून आले?

२०१५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत लॅनोस्टेरॉल या घटकामुळे कुत्र्यांमधील मोतीबिंदू कमी झाल्याचे संशोधन आले आणि जगभर आशा निर्माण झाली. मात्र त्याच वर्षी भारतीय नेत्रतज्ज्ञांनी शस्त्रक्रियेत काढलेले मानवी मोतीबिंदू सहा दिवस लॅनोस्टेरॉलमध्ये ठेवून पाहिले. त्यात सुधारणा दिसली नाही. एन-ॲसिटिलकार्नोसिन या दुसऱ्या थेंबांबाबत २०१७ मधील कॉक्रेन आढाव्यात विश्वासार्ह पुरावा सापडला नाही. मोतीबिंदू विरघळवणारे सिद्ध औषध आज डॉक्टरांच्या हाती नाही.

गोंधळात भर पडली ती ‘प्रेसव्हू’मुळे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारतात मंजुरी मिळालेले हे थेंब ‘चष्मा घालवणारे’ म्हणून गाजले. प्रसिद्धीतील दाव्यांमुळे सप्टेंबरमध्ये औषध महानियंत्रकांनी त्यांची परवानगी निलंबित केली. हे थेंब चाळिशीसाठी होते. बाहुली आकुंचित करून काही तास जवळचे स्पष्ट दाखवणे एवढेच त्यांचे काम. मोतीबिंदूशी त्यांचा संबंध नव्हता.

तरीही ‘फरक पडला’ असे का वाटते?

काही प्रकारच्या मोतीबिंदूत भिंगाचा गाभा घट्ट होतो आणि डोळ्याला जवळचा नंबर येतो. वर्षानुवर्षे चाळिशी लावणारी आजी अचानक चष्म्याशिवाय पेपर वाचू लागते. त्याच सुमारास थेंब सुरू केले असतील, तर श्रेय थेंबांना जाते. प्रत्यक्षात हे मोतीबिंदू वाढत असल्याचे लक्षण असते.

शस्त्रक्रियेशिवाय काय करता येते?

सुरुवातीच्या टप्प्यात थांबणे योग्य ठरू शकते. चष्म्याचा नंबर बदलणे, वाचताना पुरेसा प्रकाश ठेवणे, उन्हात टोपी आणि अतिनील किरण रोखणारा गॉगल वापरणे, साखर नियंत्रणात ठेवणे, तंबाखू सोडणे आणि डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळी तपासणी करणे हे उपाय आहेत. यामुळे दैनंदिन कामे सोपी होतात, वाढीचा वेग कमी होण्यास मदत होऊ शकते. आलेला मोतीबिंदू मात्र जात नाही.

‘पिकू द्या’ हा सल्ला जुना का?

पूर्वीच्या शस्त्रक्रियेत मोतीबिंदू पूर्ण पिकण्याची वाट पाहत असत. आजच्या फेको पद्धतीत दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात आणि कृत्रिम भिंग बसवतात. भिंग जितके कडक, तितके हे काम अवघड. अतिपिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही.

म्हणून आता निर्णयाचा निकष रोजचे काम हा आहे. जिना उतरताना पायरी दिसत नाही, रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात, तांदूळ निवडता येत नाहीत, तर वेळ आली असे समजावे. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार ५० वर्षांवरील भारतीयांमधील अंधत्वाच्या ६६.२ टक्के प्रकरणांचे कारण मोतीबिंदू होता. म्हणजे ज्यावर इलाज आहे, त्याच कारणाने सर्वाधिक लोक अंध आहेत. सोबत यायला कुणी नाही किंवा ‘या वयात कशाला’ म्हणून घरातील बायकांचे ऑपरेशन अनेकदा लांबणीवर पडते.

खर्च आणि धोक्याचे काय?

महाग भिंग म्हणजे अधिक सुरक्षित शस्त्रक्रिया नव्हे. साध्या एककेंद्री भिंगानेही दूरचे चांगले दिसते, वाचायला बहुधा चष्मा लागतो. छोट्या छेदाची बिनटाक्याची पद्धत कमी खर्चाची असून कडक मोतीबिंदूसाठी उपयुक्त ठरते. सरकारी रुग्णालयांत आणि अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातील शिबिरांत शस्त्रक्रिया मोफत होते. खासगी विमा असेल, तर मोतीबिंदूसाठीचा प्रतीक्षा काळ आधी तपासावा.

भीती निराधार नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारमधील मुझफ्फरपूर येथे शिबिरानंतर झालेल्या संसर्गामुळे अनेकांचे डोळे काढावे लागले. असे प्रसंग क्वचित घडतात, पण काळजी घ्यावीच लागते. शस्त्रक्रियेनंतर दुखणे वाढले, डोळा लाल झाला किंवा दृष्टी कमी होऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर बहुधा भिंगामागील पातळ आवरण गढूळ झालेले असते. काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. त्या आवरणावर मात्र काही मिनिटांच्या लेझरने उपाय होतो.