फुकटचा वारा

वारा फुकट मिळतो, हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा माहितीपत्रकावर छापलं, त्याला ऑक्टोबरात पनवेलला आणून भर दुपारी आमच्या गच्चीवर उभा करावा, अशी माझी फार इच्छा आहे. घरगुती पवनचक्की बसवा आणि विजेचं बिल विसरा म्हणे! आमच्या सोसायटीतले एक निवृत्त काका त्यापायी फंडाचे पैसे मोडायला निघालेत, म्हणून ही चिडचिड.

अहो, पत्रकावर ‘१ किलोवॉट’ असं ठळक असतं. खाली मुंगीच्या अक्षरात ‘वाऱ्याचा वेग सेकंदाला १२ मीटर असताना’. म्हणजे ताशी ४३ किलोमीटर! एवढा वारा सुटला की पनवेलकर आधी दोरीवरचे कपडे काढायला धावतो. एरवी ४ मीटर धरा. वेग एक तृतीयांश, तर वीजही एक तृतीयांश, हा आपला भाजीबाजारातला हिशेब. वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनानं वाढते आणि घनानंच घटते. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस! किलोवॉटाचे उरले फार तर ३७ वॉट. छताचा साधा पंखा खातो ७५. म्हणजे गच्चीवर दोन मीटर व्यासाची पाती फिरवायची, ती घरातला अर्धा पंखा फिरावा म्हणून. त्यापेक्षा वर्तमानपत्रानं वारा घेतलेला काय वाईट?

पवनचक्कीशी माझं वैर नाही. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या, वनकुसवड्याच्या पठारावर बघा, कशा डौलात फिरतात! पण तिथं पठार उघडं आणि मनोरे उंच. जाणकार सांगतात, आसपासच्या शंभरेक मीटरांतल्या सर्वांत उंच वस्तूच्याही दहा मीटर वर चक्की हवी. आमची इमारत तीन मजली, शेजारची अकरा. आमच्याकडे वारा येतो तो तिच्यावर आपटून, गटांगळ्या खात. मोकळा वारा हवा तर कर्नाळ्याच्या सुळक्यावर चढावं लागेल, आणि तिथं तर अभयारण्य! पावसाळ्यात वारा असतो, कबूल. पण तेव्हा पंखा हवा कुणाला?

गच्चीवर ऊन मात्र रग्गड आहे. २०२४च्या सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, हेही काकांना सांगितलं.

“ते सगळं खरं हो,” काका म्हणाले, “पण ते फिरत नाही ना!”

आता यावर काय बोलणार? मी एवढंच म्हटलंय, की एजंटानं आधी वर्षभर गच्चीवर वारा मोजणारं यंत्र ठेवावं, मग पैसे मागावेत. त्याचा फोन अजून आलेला नाही.