पहारा दोघांचा हवा, वाटाही दोन हव्यात



आपल्या घरची मुले आजही रात्रपाळीला जातात, पण आता गिरणीत नाही. वाशी स्टेशनवरच्या इमारतीतल्या कार्यालयांत, महापे-रबाळ्याच्या औद्योगिक पट्ट्यात, ऐरोलीत ती जातात. डबा तोच, पाळी तीच, भोंगा मात्र नाही. "काम कसले करतोस रे?" असे आईने विचारले की मुलगा सांगतो, "सर्व्हर बघतो." आईला वाटते, नुसते बघण्याचे कोण पैसे देतो? या बघण्यातच किती जोखीम आहे आणि त्या जोखमीचे खापर कोणाच्या डोक्यावर फुटते, हे आज आम्हाला सांगायचे आहे.

आमच्या शेजारी एक कुटुंब आहे. वडिलांनी वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून आयुष्य काढले. मुलगा कंत्राटावर रात्रपाळीला. वाशीत बसून दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचे, हे त्याचे काम. एका पहाटे गिऱ्हाइकाचा फोन आला की आमचे सगळे तीन तासांपासून बंद आहे. मुलाच्या समोरच्या पडद्यावर तर सगळे दिवे हिरवे! दुसऱ्या दिवशी हातात नोटीस पडली. कामावर झोपल्याचा ठपका, एका दिवसाचा पगार कापला आणि आठ दिवसांत खुलासा मागितला.

वडील नोटीस घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "भाऊ, पोरगं झोपलं नव्हतं. मी त्याला ओळखतो. पण ते शिकलेले लोक, त्यांच्यापुढं बोलायचं काय?" आम्ही मुलाला बोलावून घेतले आणि सगळे पहिल्यापासून सांगायला लावले. ते ऐकल्यावर आमच्या ध्यानात आले की माणूस जागा होता, यंत्रच झोपले होते.

हे कसे, ते नीट समजून घेऊ. सर्व्हर म्हणजे इतरांना सेवा देणारा संगणक. बँकेचा हिशेब, रेल्वेचे तिकीट, दवाखान्याचे कागद त्यावर असतात. तो शेकडो मैलांवर असतो. त्याच्यापाशी माणूस बसवत नाहीत. त्याच्या पोटात एक छोटा प्रोग्रॅम ठेवतात, त्याला एजंट म्हणतात. हा एजंट ठरावीक वेळाने, समजा दर मिनिटाला, केंद्राकडे निरोप धाडतो की मी जिवंत आहे, डिस्क इतकी भरली, मेमरी इतकी उरली. केंद्रातला संगणक ते निरोप ऐकतो आणि पडद्यावर हिरवा किंवा लाल दिवा दाखवतो.

आपल्या वसाहतीतला रात्रीचा गुरखा आठवा. तो काठी आपटत फिरतो. काठीचा आवाज येतो तोवर आपण निर्धास्त झोपतो. खरी हुशारी कशात? आवाज थांबला की जागे होण्यात. एजंटचेही तसेच आहे. "मी बिघडलो" असे बंद पडलेला सर्व्हर सांगू शकत नाही. त्याचे गप्प बसणे हीच धोक्याची खूण. म्हणून सलग दोन-तीन निरोप चुकले की घंटा वाजली पाहिजे.

पण त्या रात्री निरोप ऐकणारा केंद्रातला संगणकच अडकून पडला होता. पडद्यावर शेवटचे चित्र गोठून राहिले. हिरवे दिवे खोटे नव्हते, शिळे होते. मुलगा तीन तास डोळ्यांत तेल घालून शिळे चित्र बघत बसला. भरवशाच्या म्हशीला टोणगा, म्हणतात तो असा.

यावर उपाय आहे आणि तो जाणकारांना ठाऊक आहे. पहारा एकट्याचा ठेवू नये. पण दोन पहारेकरी नेमले म्हणजे झाले, असेही नाही. दोघे एकाच कंदिलाच्या उजेडात उभे असतील तर कंदील विझल्यावर दोघेही आंधळे. याचे मोठे दाखले आपण सगळ्यांनी भोगले आहेत.

१२ ऑक्टोबर २०२० आठवा. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या. तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी त्याच दिवशी कारण सांगितले होते. महापारेषणच्या ४०० केव्ही कळवा-पडघे वाहिनीचे पहिले सर्किट दुरुस्तीसाठी बंद होते, सगळा भार दुसऱ्यावर होता आणि दुसऱ्यात बिघाड झाला. म्हणजे जोडी होती, पण ऐन वेळी एकच उरली होती. धडा हा की जोडीतला एक दुरुस्तीला गेला की त्या घडीला आपल्याकडे जोडी नाही, हे ओळखून दुसऱ्याची दुप्पट काळजी घ्यावी.

दुसरा दाखला २४ फेब्रुवारी २०२१ चा. राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबवावे लागले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. बाजाराने दोन वेगवेगळ्या दूरसंचार कंपन्यांच्या जोडण्या घेतल्या होत्या, त्या मुद्दाम एक गेली तर दुसरी असावी म्हणून. त्या दिवशी दोन्हींत अडचण आली. कंपन्या दोन असल्या म्हणून संकटेही दोन निरनिराळी येतील असे नाही. एका रस्त्याच्या कडेने दोन तारा टाकल्या तर एका कुदळीने दोन्ही तुटू शकतात.

आपल्या वाशीचेच बघा. १९७३ मध्ये पहिला खाडीपूल झाला. पुढे नव्वदच्या दशकात त्याच्या शेजारी दुसरा झाला. पण मुंबईला जाण्याची खऱ्या अर्थाने वेगळी वाट मिळाली ती १९९२ मध्ये मानखुर्दहून रेल्वे आली तेव्हा. पुलावर गाड्या तुंबल्या तरी रेल्वे चालते, रेल्वे थांबली तर बस मिळते. दुसरी वाट ही खरोखरच दुसरी असावी लागते.

सर्व्हरच्या पहाऱ्यात हे कसे आणायचे? त्या मुलाने पुढे जे केले ते आम्ही मुद्देसूद सांगतो. या क्षेत्रातल्या मुला-मुलींनी कापून ठेवावे.

पहिले, एक पहारेकरी आत आणि एक बाहेर. आतला एजंट पोटातले दुखणे सांगतो. बाहेरचा दारावर टकटक करून बघतो की सेवा खरोखर मिळते का. आतल्याचा निरोप थांबला आणि बाहेरच्याला दार उघडे मिळाले, तर बहुधा एजंट किंवा त्याची वाट बिघडली आहे, सर्व्हर ठीक आहे.

दुसरे, निरोप ऐकणारी केंद्रे दोन. ती एका खोलीत, एका विजेवर, एका इंटरनेटवर नसावीत. एक वाशीत असेल तर दुसरे दुसऱ्या गावात.

तिसरे, दोन्ही केंद्रांनी एकमेकांवरही लक्ष ठेवावे. एक गप्प झाले की दुसऱ्याने घंटा वाजवावी.

चौथे, दोघांत मतभेद झाला तर खरे कोणाचे? म्हणून जमल्यास तिसरा साक्षीदार ठेवावा आणि तिघांतले दोघे म्हणतील ते धरावे. नाहीतर रोज खोट्या घंटा वाजतात आणि लांडगा आला रे आलासारखी गत होते. खरी घंटा वाजते तेव्हा कोणी उठत नाही.

पाचवे, घंटेच्याही वाटा दोन. पडद्यावर लाल दिवा आणि शिवाय मोबाइलवर फोन. इंटरनेट गेल्याची बातमी इंटरनेटनेच येणार असेल तर ती येणार कशी?

सहावे, पडद्यावर दिव्याशेजारी वेळ दिसावी. शेवटचा निरोप किती वाजता आला, हे दिसले तर शिळा हिरवा दिवा लगेच ओळखू येतो.

सातवे, महिन्यातून एकदा मुद्दाम एक पहारेकरी बंद करून बघावा. न तपासलेली जोडी ही फक्त कागदावरची जोडी.

हे सगळे श्रीमंतांचे काम, असे समजू नका. नागिओस, झॅबिक्स, प्रोमिथियस हे या कामाचे नामांकित प्रोग्रॅम फुकट मिळतात. नागिओस १९९९ पासून आहे, तेव्हा त्याचे नाव वेगळे होते. झॅबिक्स २००१ पासून लोकांसाठी खुले आहे आणि २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून एक केंद्र पडले तर दुसऱ्याने काम उचलण्याची सोय त्यातच आली आहे. प्रोमिथियसची तर रीतच अशी की दोन सारखी केंद्रे शेजारी शेजारी चालवायची आणि दोघांनी दिलेली एकच तक्रार एकदाच कळवायची. घरात दोन जुने संगणक असले तरी शिकता येते. एकावर पहारा बसवा, दुसऱ्याची तार उपटा आणि बघा, किती वेळात घंटा वाजते.

आता त्या नोटिशीचे काय झाले? आम्ही मुलाला सांगितले की रडू नकोस, भांडू नकोस, कागद काढ. त्याने केंद्रातल्या संगणकाची नोंद छापून काढली. शेवटचा निरोप रात्री १ वाजून ४० मिनिटांनी आला होता, त्यानंतर एकाही सर्व्हरचा नाही. सगळेच एकाच क्षणी गप्प कसे होतील? मग गप्प झालेला ऐकणाराच. खुलासा एका पानाचा लिहिला. खाली एक ओळ जोडली की दुसरे केंद्र बसवण्याची परवानगी द्यावी, जुना संगणक चालेल. नोटीस मागे घेतली गेली. कापलेला पगार यायला दोन महिने लागले. चूक झाली असे कोणी म्हटले नाही. पण दुसरे केंद्र बसले आणि ते त्यानेच बसवले.

आईबापांनो, यातला खरा मुद्दा आमच्या मते हा आहे. यंत्राची रचना वरचे लोक ठरवतात आणि ती चुकली की रात्री समोर बसलेला सर्वांत खालचा माणूस गुन्हेगार ठरतो. कंत्राटी मुलाला तर बोलायलाही जागा नसते. म्हणून आपल्या मुलांनी नुसते बघायचे काम करू नये, ते कसे चालते हे शिकावे. ज्याला रचना कळते त्याला खुलासा लिहिता येतो. ज्याला कळत नाही तो माफीनामा लिहितो.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्याच खात्यात १९४४ मध्ये देशाच्या विजेचा विचार करणारे केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. कामगारांचे तास आणि देशाची वीज हे दोन्ही प्रश्न त्यांनी एकाच टेबलावर हाताळले. यंत्र समजून घेणे आणि यंत्रावरच्या माणसाची बाजू घेणे ही दोन वेगळी कामे नव्हेत, हे त्यांच्याकडूनच शिकायचे.

भगवान बुद्धांच्या शिकवणीत अप्पमादाला मोठे स्थान आहे. धम्मपदाचा दुसरा वग्ग त्याच नावाचा आहे. अप्पमाद म्हणजे गाफील न राहणे. पण एकट्या माणसाने रात्रभर डोळे ताणून बसावे, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घेत नाही. एकाला डुलकी लागली तर दुसऱ्याने जागे असावे, म्हणून तर संघ असतो.

तुमच्या वस्तीतल्या विहारात एखाद्या रविवारी अशा मुला-मुलींना बोलावा. त्यांनी दोन जुने संगणक मांडून हा पहारा लहानांना दाखवावा. आणि आज रात्री मुलगा डबा घेऊन निघाला की त्याला एवढेच विचारा, "बाळा, तुझ्या पडद्यावर वेळ दिसते ना?"

जयभीम!