७५ टक्के झाले. उरलेले २५ कोण?

कोणत्या देशात किती लोकांनी फ्लूची लस घेतली, याचे तक्ते निघतात. त्यावरून कोण पुढे, कोण मागे, हे ठरते. मित्रांनो, असा तक्ता समोर आला की आधी विचारा: मोजले कसे? आणि कोणाला वेगळे मोजलेच नाही?

इंग्लंडचा आकडा दवाखान्यांच्या नोंदींतून येतो. अमेरिकेचा मुख्यतः फोनवर विचारून. जिथे यातले काहीच नाही, तिथे कंपन्यांनी पाठवलेले डोस लोकसंख्येशी ताडून अंदाज बांधतात. पण पाठवलेला डोस म्हणजे टोचलेला डोस नव्हे. शेर आणि लिटर एका रांगेत मांडून क्रमांक कसले लावता?

जागतिक आरोग्य सभेने २००३ साली उद्दिष्ट ठेवले: २०१० पर्यंत ७५ टक्के वृद्धांना लस. बहुतेक देशांना ते गाठता आले नाही. पण गाठले असते तरी उरलेले २५ टक्के कोण, हे सरासरी कधीच सांगत नाही.

अमेरिकेने निदान हा प्रश्न विचारला. २०२१-२२ च्या हंगामात लस घेतलेले गोरे प्रौढ ५४ टक्के, कृष्णवर्णीय ४२, हिस्पॅनिक ३८. फ्लूमुळे इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण मात्र कृष्णवर्णीयांत गोऱ्यांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त. मोजल्याने तिथला वर्णभेद संपला नाही, पण तो नाकारायची सोय संपली.

आपल्याकडे? फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही. बहुतेकांना ती खिशातून पैसे मोजूनच मिळते. म्हणजे इथे टक्केवारी काढलीच, तर ती आधी खिशाची निघेल. आणि या देशात खिसा जातीप्रमाणे शिवलेला असतो.

कोविडच्या लसीचे २०० कोटी डोस झाले म्हणून जुलै २०२२ मध्ये उत्सव झाला. कोविनवर वय विचारले, लिंग विचारले. जात विचारली नाही. मग गटारात उतरणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या वस्त्यांपर्यंत लस कधी आणि किती पोहोचली, हे त्या नोंदींतून कोण सांगणार?

'आरोग्यात जात कशाला आणता?' असे म्हणणाऱ्यांना उत्तर द्या: राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बालकांच्या लसीकरणाचे आकडे अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी असे वेगळे देतेच. तिथे जमते, तर प्रौढांच्या लसीत का नाही?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. फ्लूची लस जोखमीच्या कामगारांना मोफत द्या आणि प्रत्येक लसीचा हिशेब जातवार जाहीर करा. एक व्यक्ती, एक मूल्य मानता ना? मग आमची माणसे सरासरीत गाडू नका. मोजा!

जय भीम!