डबा कुठला ते सोडा, फडकं कुठे टाकलंत?

मंडळी, लाकूडकामाबद्दल मी इथे लिहायला लागल्यापासून एकच प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा आलाय. करवत कुठली, रंधा कसा लावतोस, सांधा कसा जोडलास हे कुणी विचारत नाही. विचारतात ते, "पॉलिश कुठलं वापरतोस? डब्याचं नाव सांग." सासरच्यांपासून सहब्लॉगकरांपर्यंत सगळे. पुण्याच्या मावसभावाने तर डब्याचा फोटोच मागवला.

तर घ्या नाव. मी वापरतो ते वाइप-ऑन पॉलीयुरेथेन. पॉलीयुरेथेनचं व्हार्निश, पण ब्रशने फासायचं नाही, फडक्याने पुसायचं. आमच्या फिलाडेल्फियाच्या आसपास कुठल्याही मोठ्या हार्डवेअरच्या दुकानात मिनवॅक्सचा डबा असतो. खास लाकूडकामाच्या दुकानात जनरल फिनिशेसचं आर्म-आर-सील मिळतं. दोन्ही चांगली. झालं समाधान?

माझं मत विचाराल तर या शोधात फार वेळ घालवू नका. त्या डब्यात काही गूढ रसायन नाही. नेहमीचं तेलातलं पॉलीयुरेथेन व्हार्निश घ्या, त्यात जवळजवळ तितकंच मिनरल स्पिरिट घाला, हलवा. झालं तुमचं वाइप-ऑन पॉली! काचेच्या जुन्या बरणीत महिनोन् महिने टिकतं, वर साय धरू नये एवढं झाकण घट्ट लावा. तयार डब्याचे जास्तीचे पैसे आपण मोजतो ते बऱ्याच अंशी पातळ करण्याच्या मजुरीचे. मीही कधीकधी आळसाने मोजतो, ते सोडा.

डब्यावरच्या नावांचाही फार विचार करू नये. 'टंग ऑइल फिनिश' असं झोकात लिहिलेल्या कित्येक डब्यांत निव्वळ पातळ केलेलं व्हार्निश असतं. बॉब फ्लेक्सनर नावाचे लेखक वर्षानुवर्षं हेच ओरडून सांगत आलेत. लाकडाच्या फिनिशवरचं त्यांचं पुस्तक 1994 साली आलं, आणि माझ्या मते या विषयावर एकच पुस्तक घ्यायचं तर तेच घ्यावं.

आता फडकंच का? ब्रशवाले जाणकार याला जरा हसतात. "हे काय, टेबल पुसल्यासारखं!" हो, अगदी टेबल पुसल्यासारखंच, आणि तीच तर त्याची खुबी. आपल्यासारख्या शनिवार-रविवारच्या सुतारांकडे धूळमुक्त खोली नसते. माझ्या गराजमध्ये गाडी आहे, मुलांच्या सायकली आहेत आणि वाळलेला पाचोळा आहे. ब्रशने दिलेला जाड थर तासन् तास ओला राहतो, तेवढ्यात गराजभरची धूळ त्यावर येऊन बसते. शिवाय बुडबुडे आणि कडेवरून खाली आलेले ओघळ. फडक्याचा थर इतका पातळ असतो की ओघळायला काही उरतच नाही, आणि धूळ बसायच्या आत वरचा पापुद्रा सुकतो. किंमत एकच, धीर. फडक्याचे साधारण तीन हात म्हणजे ब्रशचा एक हात. चौरंगाला मी पाच देतो, जेवणाच्या टेबलाला आठ. घरातले म्हणतात, "अजून चाललंय?" चालू द्या.

करायचं कसं, ते थोडक्यात. लाकूड 220 च्या पॉलिशपेपरने घासून धूळ पूर्ण काढा. जुनी सुती बनियन घ्या. धुऊन धुऊन मऊ झालेल्या बनियनसारखं फडकं नाही, विकतची चकचकीत फडकी धागे सोडतात. त्याची घडी करून बोळा करा, थोडं व्हार्निश घ्या आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेने पुसत जा. खिडकी समोर येईल असं तिरपं उभं राहिलं की कुठे सुटलंय ते दिसतं. पण सुटलेलं दिसलं म्हणून पाच मिनिटांनी परत तिथे हात फिरवायचा नाही. ते चिकट झालेलं असतं, फडक्याचा माग उमटतो. पुढच्या हातात तो डाग आपोआप बुजतो. हा मोह आवरणं हेच या कामातलं खरं कौशल्य, बाकी सगळं पहिलीतल्या मुलालाही जमेल.

दोन-तीन हातांनंतर 320 च्या पेपरने अगदी हलकं घासून घ्यायचं, कारण पॉलीयुरेथेनचा नवा थर जुन्यात विरघळत नाही, त्याला धरायला ओरखडे लागतात. लाखेच्या पॉलिशचं तसं नाही. तिथे नवा हात जुन्यात मुरतो, म्हणून दुरुस्ती सोपी. पण लाखेवर पाण्याचा पेला ठेवलात की पांढरी कडी उमटते. चौरंगावर कलश येणार, तांब्यातलं पाणी सांडणार, निरांजनातलं तूप ओघळणार. तिथे मी लाखेच्या भरवशावर राहणार नाही.

सागवानाबद्दल एक. त्याच्या अंगातच तेल असतं, म्हणून पहिल्या हाताच्या लगेच आधी अ‍ॅसिटोनने पुसून घ्या. शिसवीचं त्याहून अवघड. तिच्यातल्या द्रव्यांमुळे हे व्हार्निश कित्येक दिवस चिकटच राहतं. त्यावर उपाय म्हणजे आधी मेण काढलेल्या लाखेचा एक पातळ हात द्यायचा आणि मग पॉली. ही लाख आपल्याच झारखंड-छत्तीसगडच्या पळस-कुसुमावरच्या किड्यांनी केलेली असू शकते. इकडच्या दुकानात डब्यावर अमेरिकन नाव वाचताना मला तरी गंमत वाटते.

असो. आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

मला आजवर शंभर वेळा डब्याचं नाव विचारलं गेलंय. "काम झाल्यावर फडकं कुठे टाकतोस?" असं कुणीही, एकानेही विचारलेलं नाही. आणि या सगळ्या उद्योगात घर जाळू शकणारी वस्तू कुठली असेल तर ते फडकं.

तेलातलं व्हार्निश नुसतं 'सुकत' नाही. त्यातलं तेल, बहुधा सोयाबीनचं नाहीतर जवसाचं, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं आणि त्यात उष्णता निघते. टेबलावर पसरलेल्या थराची उष्णता हवेत निघून जाते. पण तेच भिजलेलं फडकं चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकलंत तर ती आतच कोंडते, वाढत जाते, आणि काही तासांनी फडकं आपणहून पेटतं. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. आपण तोवर जेवून झोपलेलो असतो.

"स्वयंपाकघरात तेलाची फडकी आयुष्यभर पडलेली असतात, कधी काही झालं नाही," असं मावशी म्हणाली. बरोबर आहे, कारण शेंगदाण्याचं किंवा खोबरेल तेल असं हवेत घट्ट होत नाही. जवसाचं होतं. चटणीतल्या त्या गरीब जवसाचा हा गुण आपल्याला माहीतच नसतो.

अतिशयोक्ती वाटत असेल तर आमच्या फिलाडेल्फियाचीच गोष्ट. 23 फेब्रुवारी 1991, शनिवारची रात्र. सिटी हॉलसमोरच्या वन मेरिडियन प्लाझा या 38 मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर लाकडी पॅनेलांना नव्याने पॉलिश चाललं होतं. कामगार जवसाच्या तेलात भिजलेली फडकी तिथेच ठेवून गेले. ती पेटली. आग सुमारे 19 तास चालली, तीन अग्निशामक जवान गेले. तिसाव्या मजल्यावर पाण्याचे आपोआप सुटणारे फवारे होते, तिथे ती अडली. आगीने निकामी झालेली ती इमारत पुढे पाडूनच टाकावी लागली. सुरुवात कशाने? फडक्यांनी.

इकडची घरं लाकडी सांगाड्याची आणि गराज घराला चिकटून. म्हणून मला डब्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात ही सूचना छापण्याचा राग येतो. ती पुढच्या बाजूला, ब्रँडच्या नावाएवढी हवी. उपाय तर किती साधा! प्रत्येक फडकं उलगडून बाहेर कुंपणावर किंवा सिमेंटवर एकेकटं पसरा. पापडासारखं कडक झालं की ते निरुपद्रवी, मग कचऱ्यात टाका. बाहेर जागा नसेल तर पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून वर झाकण लावा. माझ्या गराजच्या दाराशी तसा डबा कायम असतो आणि ज्याला हे करायचं नाही त्याला मी माझं व्हार्निश देत नाही. नातं कुठलंही असो.

आता पुण्याच्या मावसभावासाठी, कारण तिकडचा घोळ वेगळा आहे. तिकडे पॉलिशवाल्याला 'पीयू' म्हटलं की तो बहुतेक दोन डब्यांचं समजतो, एकात बेस आणि दुसऱ्यात हार्डनर, आणि ते मारायचं स्प्रेने. ती वस्तूच निराळी. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याचा फवारा श्वासात गेला तर कायमचा दमा जडू शकतो. बंद फ्लॅटमध्ये नाकाला रुमाल बांधून दिवसभर ते मारणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. आरशासारखी चमक हवी म्हणून आपण त्यांच्याकडून ते करून घेतो, मला ते अजिबात पटत नाही. तुला एका डब्यातलं व्हार्निश बघायचंय. दुकानात नाव न वाचता आधी 'थिनर कुठला' ते वाच. साधं मिनरल टर्पेंटाइन लिहिलं असेल तर ते पातळ करून फडक्याने पुसता येईल. हार्डनर आणि खास पीयू थिनर लिहिलं असेल तर ठेव परत. खिडक्या मात्र दोन्हीकडे उघड्याच हव्यात. आणि फडक्यांचा नियम तुझ्या बाल्कनीतही तोच.

वहिनीचा पोळपाट यातून वगळा. पूर्ण वाळलेलं व्हार्निश विषारी नसतं, पण लाटण्याखाली आणि घासणीखाली त्याचा पापुद्रा झिजणारच, आणि तो पोळीत कशाला? पोळपाट कोराच बरा.

चौरंग गणपतीसाठी करत असाल तर शेवटचा हात चतुर्थीच्या किमान महिनाभर आधी द्या. हाताला कोरडं लागतं ते दुसऱ्याच दिवशी, पण आतून पक्कं व्हायला काही आठवडे जातात. ओळखायची खूण सोपी आहे, नाक लावून बघायचं. वास येतोय तोवर वर कापड किंवा कलश ठेवायचा नाही. आमचा चौरंग सध्या माडीवरच्या खोलीत आहे, रोज सकाळी मी जाऊन वास घेतो आणि घरातले हसतात. अजून येतोय थोडासा.