परतीची वाट

अमेरिकेने १९६५ साली ६५ वर्षांवरील नागरिकांसाठी 'मेडिकेअर' हा सरकारी आरोग्यविमा निर्माण केला. दरवर्षी १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर या मुदतीत वृद्धांस त्यात बदल करता येतो. खासगी कंपन्यांमार्फतची 'ॲडव्हांटेज' योजना घेतलेल्यांस १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात आणखी एक संधी असते. ही मुभा उदार दिसते खरी. मेख निराळीच आहे. मूळ योजनेकडे परतता येते, परंतु डॉक्टरांच्या बिलातील उरलेला २० टक्के भार उचलणारा पूरक विमा, आरंभीचे ६ महिने लोटल्यावर, बहुतेक राज्यांत कंपनी प्रकृतीकडे बोट दाखवून सहसा नाकारू शकते. म्हणजे आजाऱ्यासच नकार! यास निवडीचे स्वातंत्र्य म्हणणे आम्हांस जड जाते. तेथील अनेक मराठी घरांत आईवडिलांचे अर्ज मुले भरतात. त्यांनी हप्त्याच्या आकड्याआधी ही अट वाचावी.