इसाराआधी मोजणी

मे महिना संपत आला की या स्तंभाकडे कोकणातल्या घरांविषयीची पत्रं वाढतात. गुहागर, दिवेआगर, आंजर्ले, तारकर्लीला सुट्टीत जाऊन आलेली मंडळी येताना एखादं घर नाहीतर दहा-पंधरा गुंठ्यांचं आगर डोक्यात घेऊन येतात. प्रश्न ठरलेले असतात: दर बरोबर आहे का, कर्ज मिळेल का, बिनशेती आहे का. सोबत सातबारा जोडलेला असतो, अंगणातून टिपलेला सूर्यास्तही असतो. मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे मोजलेल्या हद्दीचा नकाशा, मात्र जवळजवळ कधीच नसते. मोजणी झाली आहे का, असं उलट विचारलं की उत्तर येतं, ‘सातबाऱ्यावर क्षेत्र आहे की!’

क्षेत्र आहे, पण ते गावात नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे सातबारा सांगत नाही. तो मुळात शेतसाऱ्यासाठी ठेवलेला उतारा. त्यावर नाव असतं, क्षेत्र आणि आकार असतो, इतर हक्कांत बोजा असतो. 1966 च्या महसूल संहितेप्रमाणे त्यातली नोंद खरी धरायची, पण तीही उलट काही सिद्ध होईपर्यंतच. खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेली असते खरी. ‘पूर्वेस सार्वजनिक रस्ता, दक्षिणेस अमुक यांचे आगर, पश्चिमेस समुद्र.’ हा मजकूर कुणाच्या तरी आजोबांच्या दस्तात लिहिला गेला आणि पुढच्या प्रत्येक दस्तात जसाच्या तसा उतरत आला. दरम्यान रस्ता रुंद झाला, आगराचे तीन वाटे झाले, समुद्रानंही आपली जागा थोडी इकडेतिकडे केली.

किनाऱ्यावरची आगरं कशी असतात ते पाहा. रस्त्याच्या कडेला घर, मागे न्हाणीघर, विहीर, मग पोफळी, माड, आणि त्यापलीकडे वाळू. रुंदीला चिंचोळी आणि लांबीला मोठी, अशा या पट्ट्या. समजा, पट्टी चाळीस फूट रुंद आणि चारशे फूट लांब आहे. म्हणजे साधारण साडेचौदा गुंठे. गुंठा म्हणजे 33 फूट गुणिले 33 फूट, 1,089 चौरस फूट. आता शेजाऱ्याचा गडगा दरवेळी दुरुस्त करताना थोडा थोडा सरकत तीन फूट आत आला असेल, तर बाराशे चौरस फूट गेले. गुंठ्याहून जास्त. चिंचोळ्या जमिनीत तीन फूट डोळ्यांना दिसतही नाहीत. जांभ्याच्या गडग्यावर शेवाळ चढलं की तो कालचा की शंभर वर्षांपूर्वीचा, हे सांगायलाही कुणी उरत नाही.

हे उघड होतं ते मोजणीच्या दिवशी. उप अधीक्षक, भूमी अभिलेख यांच्या कार्यालयातून लगतच्या खातेदारांना नोटिसा गेलेल्या असतात, त्यामुळे एरवी कधी न दिसणारी माणसं त्या सकाळी छत्र्या घेऊन हजर असतात. भूकरमापक पूर्वी फलक आणि साखळी घेऊन यायचे, आता रोव्हर घेऊन येतात. तो काठीसारखा उभा करून ते एकेक कोपरा घेतात. प्रत्येक जण आपल्याला माहीत असलेली खूण दाखवतो. ‘हा गडगा माझ्या आज्यानं घातलाय’ असं एक जण म्हणतो, तर दुसऱ्याचं म्हणणं असतं, ‘गडगा तुमचा, पण त्याला लागून असलेले दोन माड आमचे. नारळ आम्हीच पाडतो.’ पाखाडी कुणाची, विहिरीवर जायची वाट कुणाची, हेही तेव्हाच निघतं. ही भांडणं ज्यांना खरेदीच्या आधी ऐकायला मिळतात ते नशीबवान. इतरांना ती खरेदीनंतर, स्वतःच्या अंगणात उभं राहून ऐकावी लागतात.

कोकणात आणखी एक गाठ असते, सामाईक खात्याची. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यांतली निम्मी मुंबईत, काही वारसनोंद न होताच वारलेली. घर वापरणारा भाऊ मनाने वाटणी सांगतो: ‘विहिरीच्या अलीकडचं माझं.’ पोटहिस्सा मोजून त्याचा स्वतंत्र नकाशा झाला नसेल, तर कागदावर त्याच्याकडे फक्त अविभक्त हिस्सा आहे, विहिरीच्या अलीकडचं काहीही नाही. तुम्ही विकत घेता तो अपूर्णांक.

आणि इथेच व्यवस्थेची खरी अडचण आहे. मोजणीचा अर्ज करता येतो तो खातेदाराला, घेणाऱ्याला नाही. ज्याला सत्य कळण्याची सगळ्यात जास्त गरज आहे त्यानं ज्याला ते कळू नये असं वाटू शकतं त्याच्या दारात उभं राहायचं! आधी मोजणी, मग खरेदीखत, मग फेरफार, असा क्रम लावण्याची भाषा महसूल खात्यानंही अलीकडे केली आहे. क्रम योग्यच आहे. पण तो रुळेपर्यंत एक छोटी सोय लगेच करता येईल. नोंदणीकृत साठेखत असलेल्या खरेदीदाराला स्वतःच्या नावानं मोजणीचा अर्ज करू द्यावा. फी तो भरेल, नोटिसा सगळ्यांना जातीलच. यात कुणाचं काय बिघडतं, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

जमिनीची मोजणी झाली म्हणजे काम संपलं, असं मात्र किनाऱ्यावर नसतं. भूकरमापक तुमची हद्द दाखवतो. तुमच्या हद्दीत तुम्हाला काय करता येईल, हे दुसरीच रेषा ठरवते, भरतीची. ओल्या वाळूची कड पाहून ती कळत नाही. किनारा व्यवस्थापन आराखड्यावर ती आखलेली असते आणि सीआरझेडचं, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचं, सगळं माप तिच्यापासून सुरू होतं. 1991 ची अधिसूचना, मग 2011 ची, मग 2019 ची. ग्रामीण किनाऱ्यावर विरळ वस्तीच्या गावांत 2019 च्या नियमांनीही या रेषेपासून 200 मीटर ना-विकास क्षेत्र ठेवलं आहे. दाट वस्तीच्या गावांसाठी ते 50 मीटरवर आणलं. दाट म्हणजे 2011 च्या जनगणनेप्रमाणे चौरस किलोमीटरला 2,161 हून जास्त माणसं. कोकणातली किती गावं यात बसतील, याचा अंदाज वाचकांनी स्वतः करावा.

दोनशे मीटर म्हणजे साडेसहाशे फूट. मघाची चारशे फुटांची पट्टी आठवा. ती वाळूला भिडलेली असेल, तर घरासकट सगळीच्या सगळी ना-विकास क्षेत्रात पडण्याची शक्यता दांडगी. तिथे असलेल्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी करता येते, पण आहे तेवढ्याच जोत्यावर, आहे तेवढ्याच चटई क्षेत्रात. म्हणजे जुनं कौलारू घर पाडून दुमजली होमस्टे बांधायचा बेत तिथेच संपला. ‘अधिकृत’ हा शब्दही सोडून देऊ नका. ग्रामपंचायतीची घरपट्टीची पावती म्हणजे बांधकाम परवानगी नव्हे, कर भरल्याचा तो पुरावा. एजंट जाहिरातीत ‘सी टच’ असं लिहितो आणि त्याचा जादा दर लावतो. माझ्या हिशेबानं ‘सी टच’ला दर कमीच असायला हवा.

खाडीकाठी अंतर कमी असतं: 2019 च्या नियमांत 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांतलं जे कमी असेल ते. पण खाडीकाठी तिवरं असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर 2018 च्या निकालानंतर कांदळवन आणि त्याभोवतालच्या 50 मीटरच्या पट्ट्यात बांधकाम बंद आहे, जमीन खासगी असली तरी. खारभूमीचा बांध फुटून शेतात भरतीचं पाणी शिरू लागलं की काही वर्षांत तिथे तिवरं उगवतात, त्यामुळे आज मोकळी दिसणारी जागा उद्या सीआरझेडच्या नकाशावर कोणत्या रंगात जाईल, याचाही विचार करावा लागतो.

यावर उपाय आहे. अधिकृत संस्थेकडून 1:4000 प्रमाणाच्या सीआरझेड नकाशावर आपला गट बसवून घ्यायचा. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठातली दूरसंवेदन संस्था हे काम करते. पैसे लागतात, वेळही जातो. पण सीआरझेड मोडल्यापायी किहीमला नीरव मोदीचा बंगला मार्च 2019 मध्ये स्फोटकं लावून पाडला, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना वाटलं, बड्या धेंडांची गोष्ट. मग जानेवारी 2020 मध्ये केरळात मरडू इथले चार रहिवासी संकुलांचे टॉवर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं जमीनदोस्त झाले. तिथे राहणाऱ्यांकडे नोंदणीकृत दस्त होते, करपावत्या होत्या, अनेकांचे बँकेचे हप्ते चालू होते. न्यायालयानं प्रत्येक सदनिकाधारकाला 25 लाखांची अंतरिम भरपाई द्यायला लावली, घरं मात्र वाचली नाहीत.

बँकेवरून आठवलं. ‘बँकेचा व्हॅल्युअर येऊन पाहून गेला’ हे वाक्य मला प्रत्येक तिसऱ्या पत्रात भेटतं. तो बँकेसाठी येतो. कर्ज बुडालं तर घर विकून किती वसूल होईल, एवढं त्याला लिहायचं असतं. तुळईला वाळवी लागली आहे का, हे बघायला त्याला कुणी पाठवलेलं नसतं. ते बघायला तुम्ही तुमचा स्ट्रक्चरल इंजिनीअर न्यायचा, शक्यतो कोकणातच काम करणारा आणि एजंटनं न सुचवलेला.

समुद्रकाठच्या घराचा खरा शत्रू पाऊस नाही, मीठ आहे. हवेतलं मीठ काँक्रीटमध्ये मुरत सळईपर्यंत पोचतं, सळई गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो आणि आतून काँक्रीट फोडतो. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस 456, किनाऱ्याच्या उघड्या हवेतल्या बांधकामाला ‘तीव्र’ वर्गात टाकतं. तिथे किमान एम-30 काँक्रीट हवं आणि सळईवर 45 मिलिमीटरचं कव्हर. गावात वीस-पंचवीस वर्षांपूर्वी झालेल्या बंगल्याच्या गच्चीखाली उभं राहून इंजिनीअरला हातोडीनं स्लॅब ठोकून बघायला सांगा. धड काँक्रीट टणक वाजतं, सुटलेलं डबडब वाजतं. बाल्कनीच्या खालच्या कडेला पोपडा निघालेला असतो, तिथे तांबूस सळई उघडी दिसते आणि तिच्यावरचं कव्हर बोटाच्या पेराएवढंही नसतं. त्यात वाळू खाडीची, न धुतलेली असेल तर मीठ बाहेरून यायची वाटही बघत नाही, ते पहिल्या दिवसापासून आतच असतं. एप्रिलमध्ये ताजा रंग दिलेलं घर दिसलं, की मी तरी आधी छताकडे बघतो.

म्हणून माझं एक मत आहे, बिल्डर मंडळींना ते आवडत नाही. नव्वदच्या दशकातल्या स्लॅबच्या बंगल्यापेक्षा ऐंशी वर्षांचं चिरेबंदी, कौलारू घर समुद्राकाठी बहुतेकदा चांगला सौदा असतो. जांभ्याच्या भिंतीत गंजायला काही नसतं. बिघडतं ते लाकूड, आणि लाकूड बदलता येतं. तुळया भिंतीत जिथे घुसतात ती टोकं तपासा, स्क्रूड्रायव्हर खुपसून बघा. वाळवी आणि ओल दोन्ही तिथूनच सुरुवात करतात. आढं वाकलं असेल तर ते अंगणातूनच दिसतं.

पाण्याचं तर मे महिन्यातच बघावं. जुलैत कोकणातली प्रत्येक विहीर गोड असते. मेमध्ये पाण्याची पातळी खाली गेली, वर पंप चालू राहिला, की समुद्राचं पाणी आत सरकतं आणि विहीर मचूळ होते. पाणी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरी सोयच नसेल तर मानक 1,000 पर्यंत सूट देतं, पण तेवढ्या पाण्याचा चहा पिऊन बघा. घर मात्र जुलैत पुन्हा एकदा पाहावं, आणि शेजाऱ्यांशी बोलावं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळात या आळीत काय झालं, उधाणाचं पाणी कुठपर्यंत आलं, हे कुठल्याही अहवालापेक्षा शेजारची आजी नेमकं सांगते, पायरीवर हात ठेवून.

गोव्यात, पेडणे-हरमल भागात घर घेऊ पाहणाऱ्यांसाठी वेगळं लिहावं लागेल. तिथे उतारा एक-चौदाचा, मुंडकाराचा हक्क वेगळा, आणि विकणाऱ्याच्या सहीबरोबर नवराबायकोतल्या दुसऱ्याची सहीही बघावी लागते. शेतजमीन आणि शेतकरी दाखल्याविषयी या जागी पूर्वी लिहिलं आहे, ते पुन्हा उगाळत नाही.

एवढं सगळं करायला खर्च किती, असं विचाराल. मोजणीची फी मुद्रांक शुल्काच्या पासंगालाही पुरत नाही आणि इंजिनीअरची फी एका वातानुकूलन यंत्राच्या किमतीत बसते. अडतं ते पैशावर नाही, घाईवर. म्हणून साठेखतातच लिहून घ्या: दर प्रतिगुंठा, क्षेत्र ‘क’ प्रतीप्रमाणे भरेल तेवढं, मोजणीचा अर्ज विक्रेत्यानं अमुक तारखेच्या आत करायचा, फी आपली, आणि मोठी रक्कम प्रत हातात आल्यावर. अर्ज दिवाळीच्या आसपास पडलेला बरा. पावसात रान माजलेलं असतं, कोपरे सापडत नाहीत आणि तारखा पुढे जातात. या अटी वाचून विक्रेता म्हणेल, ‘दुसरं गिऱ्हाईक रोख घेऊन तयार आहे.’ खुशाल त्याला देऊ द्या. पुढच्या मे महिन्यात त्या गिऱ्हाइकाचं पत्र मला येईलच.